शुभेच्छा पोहोचल्या, आता पेमेंटचे बघा

प्रति,
परचेस आणि अकाउंट्स विभागप्रमुख,
ठाणे-बेलापूर पट्ट्यातील सर्व कंपन्या

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एकाकडे माझे बिल अडकले आहे. कोणाकडे, ते लिहीत नाही, कारण पुढची ऑर्डरही मला तिथूनच हवी आहे. पत्राचा निम्मा विषय खरे तर या वाक्यातच आला.

मी कंट्रोल पॅनेल, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांची वीज नियंत्रित करणारी कपाटे, बनवते. रबाळे एमआयडीसीत भाड्याचा गाळा आहे, दोन वायरमन आहेत, एक हेल्पर आहे. त्याआधी याच पट्ट्यातल्या एका कंपनीत मेंटेनन्सला इंजिनिअर होते. नोकरी सोडली तेव्हा केक कापला गेला, 'आपल्यातलीच एक उद्योजिका होतेय' असे भाषण झाले आणि कार्डावर चाळीसेक सह्या झाल्या. त्यातल्या काही जणांनी पुढे खरोखरच कामेही दिली. त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. माझे म्हणणे काम पूर्ण करून दिल्यानंतर जे सुरू होते त्याबद्दल आहे.

पत्र खुले लिहिण्याचे कारण साधे आहे. एकटीने फोन केला की तो 'फॉलोअप' होतो आणि फॉलोअप करणाऱ्या व्हेंडरला कसे वाटेला लावायचे, हे तुमच्याकडच्या नव्या मुलालाही पहिल्या महिन्यात जमते. शिवाय एका कंपनीचे नाव घेतले, तर तेवढी एकच वाईट ठरेल आणि बाकीच्या सुटतील. हा रिवाज सगळ्या पट्ट्याचा आहे.

हल्ली ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कांबाहेर, चहाच्या टपरीवर, एक विषय हमखास निघतो. नोकरी सोडून स्वतःचे काहीतरी करावे. कोणाला मॅनेजरचा कंटाळा आलेला असतो, कोणाला पुढच्या कपातीत आपला नंबर दिसत असतो, कोणाकडे खरोखरच चांगली कल्पना असते. मी सोडून बसले आहे हे माहीत असल्यामुळे जुने सहकारी मला विचारतात, हिंमत कशी केलीस? हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. हिंमत एका दिवसापुरती लागते, राजीनाम्याचा मेल पाठवण्यापुरती. मी त्यांना उलट विचारते, तुझी पार्टी पैसे किती दिवसांनी देणार आणि तोपर्यंत तुझ्याकडे किती आहेत? बहुतेकांनी बिझनेस प्लॅन केलेला असतो, त्यात नफ्याचा रकाना असतो, हा रकाना नसतो. नोकरीत दहा-पंधरा वर्षे काढलेल्या माणसाला हे सुचतही नाही. काम केले की महिनाअखेर खात्यात पैसे येतात, ही गोष्ट त्याला ऊन-पावसासारखी निसर्गाचीच वाटते.

एका पॅनेलचा हिशेब मांडून दाखवते. किंमत ४ लाख धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७२ हजार. बिल झाले ४ लाख ७२ हजारांचे. त्यात एमसीसीबी, कॉन्टॅक्टर, रिले, तांब्याचे बसबार, वायर, लग, ग्लँड असा माल निम्म्याहून बराच जास्त. नव्या माणसाला लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, उधारी नाही, तांबे तर त्या दिवसाच्या भावाने आणि रोखीनेच. एन्क्लोजर एका फॅब्रिकेटरकडून येते, पावडर कोटिंग दुसऱ्याकडे होते. ही मंडळी माझ्याहूनही लहान आहेत. त्यांना मी महिनाभर थांबवले, तर त्यांची भट्टी थांबेल आणि माझे पुढचे पॅनेलही. वायरमनचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो, तसा कायदाच आहे. कायदा नसता तरी दिला असता, कारण चांगला वायरमन आठ तारखेला शेजारच्या गाळ्यात दिसतो. भाडे एक तारखेला. वीजबिल थकले तर महावितरण पंधरा दिवसांची नोटीस देऊन पुरवठा तोडू शकते.

मग तुमचा माणूस येऊन इन्स्पेक्शन करतो, पॅनेल टेम्पोत चढते, तुमच्या गेटवर चलनावर इनवर्डचा शिक्का बसतो. त्या क्षणी माझ्या बाजूचे जवळजवळ सगळे पैसे खर्च होऊन गेलेले असतात. तुमच्या बाजूचे दिवस मोजणे मात्र अजून सुरूच व्हायचे असते.

ते केव्हा सुरू होते, याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळे मिळते. एके ठिकाणी जीआरएन, म्हणजे स्टोअरमध्ये माल मिळाल्याची नोंद, झाल्यावर. दुसरीकडे जीआरएन पुरत नाही, पॅनेल बसवून चालू केल्याच्या कमिशनिंग रिपोर्टवर युजरची, म्हणजे ते वापरणाऱ्या विभागाच्या माणसाची, सही लागते आणि युजर गुजरातच्या प्लांटवर गेलेला असतो. तिसरीकडे बिल पोर्टलवर चढवले तरी हार्ड कॉपी सेंट्रल प्रोसेसिंगला पोहोचली पाहिजे आणि ते सेंट्रल प्रोसेसिंग महाप्याला नसते, बंगळूरूला असते. तिथल्या मुलाला रबाळे कुठे आहे हे माहीत असण्याचे कारण नाही. तो मला तिकीट नंबर देतो. काही दिवसांनी मेल येतो, तिकीट रिझॉल्व्ह्ड. पैसे आलेले नसतात, तिकीट मात्र मिटलेले असते. मी पुन्हा तिकीट काढते.

बिल पास झाले तरी पेमेंट रन, म्हणजे पास झालेल्या बिलांचे पैसे एकदम सोडण्याचा दिवस, असतो. महिन्यातून दोनदा, तोही यादी दोन दिवस आधी बंद करून. यादीत बसले नाही की पुढचा पंधरवडा. तिमाही संपत आली की फायनान्सकडून तोंडी सूचना येते, मोठी पेमेंट्स पुढे ढकला. तुमच्या निकालात रोख रक्कम छान दिसते. ती रोख काही अंशी माझी असते, पण तसे तळटिपेत लिहीत नाहीत.

आता जीएसटीकडे या, कारण इथली गंमत कॉर्पोरेटमध्ये असताना मला कधी कळलीच नसती. बिल मी महिन्याच्या कोणत्याही तारखेला काढले, तरी त्यावरचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो. तुमचे पैसे आले की नाही, हे सरकार विचारत नाही. कच्च्या मालावर दिलेला कर वजा होतो हे खरे, पण तोही मीच दुकानदाराला दिलेला असतो. म्हणजे ते ७२ हजार, थोडे दुकानात आणि उरलेले सरकारला, माझ्याच खिशातून गेले. तुम्ही काय करता? माल मिळाला आहे, माझे बिल तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या खरेदीच्या कराच्या यादीत, दिसते आहे, म्हणून तुम्ही त्या ७२ हजारांचे क्रेडिट घेऊन मोकळे होता. मला एक रुपया देण्याआधी, मी भरलेल्या कराने तुमचा कर कमी झालेला असतो. यात बेकायदा काही नाही. कायद्याची अट एवढीच, की १८० दिवसांत व्हेंडरला पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. हे १८० दिवस तुमच्या सिस्टीमला बरोबर पाठ असतात. पाच महिने उलटले की आपणहून फोन येतो, मॅडम, तुमचे एक जुने बिल दिसतेय.

दुसऱ्या एका कायद्यातले ४५ दिवस मात्र त्याच सिस्टीमला आठवत नाहीत. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) अधिनियम, २००६. तुमच्या लीगल विभागाला तो माहीत आहे, तरी व्हेंडरच्या बाजूने एकदा वाचू. कलम १५ म्हणते, लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला किंवा त्याआधी पैसे द्या, पण ती तारीख माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे असता कामा नये. करारच नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. तुमच्या पीओच्या, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरच्या, मागे बारीक अक्षरांत ९० छापले असले, तरी सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाच्या बाबतीत कायद्यापुढे ते ४५ च राहतात. आणि 'स्वीकारणे' म्हणजे काय, तेही सांगून ठेवले आहे. मालाबद्दल आक्षेप असेल तर पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवा. कळवला नाही, तर माल ज्या दिवशी हाती आला तोच स्वीकृतीचा दिवस. युजर गुजरातला आहे, हार्ड कॉपी कुरिअरमध्ये आहे, यादी काल बंद झाली, यातले काहीही त्या कायद्यात नाही.

मुदत चुकली तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. बँक रेट ६ टक्के धरला तर १८. वरचे ४ लाख ७२ हजारांचे बिल साठ दिवस लांबले, तर व्याज १४ हजारांच्या आसपास होते. या पट्ट्यात असे व्याज मागितलेला व्हेंडर मी अजून पाहिलेला नाही. मागितल्याशिवाय दिलेली कंपनी तर ऐकलीसुद्धा नाही. खरे म्हणजे थकलेली रक्कम आणि त्यावरचे व्याज तुम्ही वार्षिक हिशेबात वेगळे दाखवायचे असते आणि ४५ दिवसांपुढच्या थकबाकीचे एमएसएमई-१ विवरणपत्र कंपन्यांनी दर सहा महिन्यांनी कंपनी व्यवहार मंत्रालयाला द्यायचे असते. फॉर्म भरले जातात. भरणारा टेबलावरचा माणूस आणि माझे बिल अडवणारा टेबलावरचा माणूस बहुधा एकमेकांशी बोलत नाहीत.

मार्च महिन्यात मात्र सगळे बोलू लागतात. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातले गेले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षीच मिळतो. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून हे लागू झाले आणि तेव्हापासून दर मार्चला मला माझ्या आरोग्याची चौकशी करणारे फोन येतात. मॅडम, तुम्ही मायक्रो, स्मॉल की मीडियम? उद्यम सर्टिफिकेट आजच्या आज पाठवा. लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचे ते सर्टिफिकेट व्हेंडर कोड काढताना दिलेले असते, पहिल्या बिलालाही जोडलेले असते, पण व्हेंडर मास्टरमध्ये तो रकाना भरलेला नसतो. कलमाची मर्यादाही यातून कळते. मे महिन्यातले बिल ऑक्टोबरात दिले, तर या कलमाला पत्ता लागत नाही. ३१ मार्चला जे थकलेले असेल तेच दिसते. म्हणून मार्चमध्ये माझे पैसे येतात आणि एप्रिलपासून पुन्हा तिकीट नंबर सुरू होतात. आमच्या गल्लीतल्या एका गाळेवाल्याला तर 'उद्यम नोंदणी रद्द करून टाका, म्हणजे आपल्याला दोघांनाही त्रास नाही' असा सल्ला मिळाला होता. दोघांनाही!

तुम्ही म्हणाल, एवढा कायदा आहे तर तक्रार करा. २०१७ पासून समाधान पोर्टल आहे, राज्यात सूक्ष्म आणि लघु उद्योग सुविधा परिषदा आहेत, प्रकरण ९० दिवसांत निकाली काढावे असे कायद्यात लिहिले आहे. परिषदेचा निवाडा मान्य नसेल, तर रकमेच्या ७५ टक्के भरल्याशिवाय खरेदीदाराला कोर्टात आव्हान देता येत नाही. कागदावर आमची बाजू भक्कम आहे. पण माझ्या ओळखीतले जे परिषदेकडे गेले, ते त्या पार्टीशी संबंध संपवून मग गेले, किंवा धंदाच संपवून. चालू पार्टीवर कोण तक्रार करणार? ब्लॅकलिस्ट असा शब्द कोणी काढत नाही. फक्त पुढची एन्क्वायरी येत नाही. शिवाय परचेसमधली माणसे कंपन्या बदलत राहतात, रबाळ्यातला साहेब उद्या तुर्भ्याला भेटतो आणि 'ती मॅडम जरा भांडखोर आहे' एवढे एक वाक्य पुरते.

म्हणून बहुतेक जण दुसरा मार्ग धरतात. परत नोकरी. माझा एक जुना सहकारी एसी आणि चिलरच्या मेंटेनन्सची कामे घ्यायचा. काम उत्तम, कॉन्ट्रॅक्ट हातात, माणसे विश्वासाची. गेल्या वर्षी तो पुन्हा एका कंपनीत रुजू झाला. नातेवाईक म्हणाले, धंदा जमला नाही त्याला. त्याच्या वहीत येणे बाकी देण्यापेक्षा जास्त होते. धंदा नफ्यात होता आणि पगाराच्या दिवशी खात्यात पैसे नव्हते. घराचा हप्ता काही 'प्रोसेसमध्ये आहे' असे ऐकून घेत नाही. बायकोचे दागिने आधीच बँकेत ठेवून झाले होते.

मराठी माणूस धंद्यात मागे का पडतो, यावर १ मेच्या आसपास आपल्याकडे भाषणे होतात. तुमच्याही काही कंपन्यांत होतात, एकीकडे मलाच बोलावले होते. वृत्ती नाही, जोखीम नको असते, भिडस्तपणा फार, अशी कारणे निघतात. असतीलही. पण ज्यांच्या घरात पिढ्यांचा धंदा आहे, त्यांना दोन महिन्यांची नड काकाच्या पेढीवर भागवता येते. आमच्या घरांतून एक जण महापालिकेतून रिटायर झालेला असतो, दुसरा कंपनीतून. आमच्याकडे पेढी नाही, पीएफ आहे. तो एकदाच काढता येतो आणि तुमच्या दोन-तीन बिलांत अडकून संपतो. अशा वेळी वृत्तीवर भाषण ऐकताना जरा चिडायला होते, हे खरे.

त्या भाषणात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण हटकून असते. मुंबईच्या व्हीजेटीआयमधली शिक्षकाची नोकरी त्यांनी सोडली, बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर, पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. नोकरी सोडण्याचा भाग रंगवून सांगतात. त्यांना बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळरान दिले आणि कर्जाऊ रक्कमही दिली, हा भाग एका वाक्यात उरकतात. मला तोच भाग महत्त्वाचा वाटतो. त्या काळी संस्थानिक उद्योजकाला भांडवल देत होता. आज रबाळ्याच्या भाड्याच्या गाळ्यातली बाई हजारो कोटींच्या कंपनीला तीन-चार महिने बिनव्याजी भांडवल पुरवते आहे, आणि वर तिच्याच फोनवर तिला 'जरा समजून घ्या' असे ऐकवले जाते.

हा पट्टाच खरे तर अशा देवाणघेवाणीवर उभा राहिला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, तिची पहिली वसाहत ठाण्यातली वागळे इस्टेट. मग खाडीपलीकडे दिघ्यापासून नेरूळपर्यंत टीटीसी, म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक वसाहत. मोठ्या कारखान्यांभोवती लहान गाळे उगवले. कारखान्यातला फोरमन नोकरी सोडून लेथ टाकायचा आणि पहिले काम त्याला जुन्या साहेबाकडूनच मिळायचे. तेव्हाही उधारी असणारच, सगळे सोन्याचे नव्हते. पण साहेब त्याच आवारात बसायचा आणि चेकवर सही करणारा माणूस कोण, हे फोरमनला ठाऊक असायचे. आता त्यातल्या कितीतरी जागांवर काचेच्या इमारती आहेत. सही करणारा माणूस उरलेला नाही, वर्कफ्लो आहे.

सगळे असे नाहीत, हेही लिहायला हवे. याच रस्त्यावर एक मध्यम आकाराची केमिकल कंपनी आहे. माल उतरला की त्याच संध्याकाळी स्टोअरचा माणूस जीआरएन नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. बिलात चूक असेल, मालाचा जीएसटीतला एचएसएन कोड किंवा पीओची लाइन जुळत नसेल, तर दोन दिवसांत कळवतात. तिसाव्या दिवशी पैसे. फोन करावा लागत नाही. त्यांना माझा दर बाकीच्यांपेक्षा कमी असतो, हे त्यांना कदाचित माहीतही नसेल. उशिरा देणाऱ्या कंपन्यांच्या कोटेशनमध्ये मी तीन-चार महिन्यांचे व्याज आधीच धरते. सगळेच धरतात, बोलत कोणी नाही. तुम्ही तीन कोटेशन मागवून एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा व्हेंडर, काढता, मग निगोशिएशनमध्ये दोन टक्के पाडता आणि बचत झाली म्हणून रिपोर्ट करता. ती दोन टक्के आम्ही आधीच वर चढवून ठेवलेली असतात. ज्यांना चढवता येत नाहीत, ते नवे असतात, आणि तेच बुडतात.

तुमच्या टेबलावरच्या माणसांवर माझा राग नाही. परचेसचे ऑफिसर अनेकदा माझ्यासाठीच अकाउंट्सशी भांडतात. अकाउंट्सच्या मुली सिस्टीमने लॉक केलेले बिल उघडू शकत नाहीत. 'प्रोसेस' ज्यांनी लिहिली, त्यांनी ती कंपनीची रोकड जास्तीत जास्त दिवस टिकावी म्हणून लिहिली, आणि तसे करणाऱ्याचे अप्रेझल चांगले होते. प्रश्न तिथे आहे, म्हणून पत्र विभागप्रमुखांना आहे.

मागणे फार नाही. नवा व्हेंडर कोड उघडताना उद्यम नंबरचा रकाना सक्तीचा करा आणि सूक्ष्म-लघु असा शेरा असलेल्या व्हेंडरला सिस्टीममध्ये ४५ पेक्षा जास्त दिवसांची टर्म पडूच देऊ नका. हे एका दुपारचे काम आहे, तुमच्या आयटीला विचारा. दिवस मोजायचे ते गेट इनवर्डच्या तारखेपासून मोजा. माल किंवा बिल चुकीचे असेल, तर पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवा, आम्ही दुरुस्त करून देऊ. चाळिसाव्या दिवशी 'पीओमध्ये टॅक्स कोड वेगळा आहे' असे सांगू नका. ज्यांची उलाढाल २५० कोटींच्या वर आहे, त्यांना ट्रेड्सवर, म्हणजे लहान उद्योगांची बिले वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर, नोंदणी करणे केंद्र सरकारने सक्तीचे केले आहे. तुम्ही नोंदणी केलीही असेल. पण तिथे बिल मान्य करून टाकले, तरच मला ते बँकेकडून वटवून लगेच पैसे घेता येतात. माझ्या एकाही पार्टीने आजवर माझे बिल तिथे चढवलेले नाही. नुसत्या नोंदणीने तुमच्या अनुपालनाच्या यादीत टिक पडते, माझ्या खात्यात काही पडत नाही.

आणि महिला उद्योजक, स्टार्टअप, 'व्होकल फॉर लोकल' असले व्हेंडर मेळावे भरवणार असाल, तर व्यासपीठावर एक पाटी लावा. गेल्या वर्षी लहान व्हेंडरांना सरासरी किती दिवसांत पैसे दिले, तो आकडा. फुले, शाल आणि स्मृतिचिन्ह नसले तरी चालेल. त्या आकड्यावरून नोकरी सोडू पाहणाऱ्याला तुमच्याकडून काम घ्यावे की नाही, हे ठरवता येईल, आणि टपरीवर मला दिला जाणारा बराचसा चहा वाचेल.

मी स्वतः एक ठरवले आहे. एप्रिलपासून नव्या रेट कॉन्ट्रॅक्टसाठी जी कोटेशन जातील, त्यात पेमेंटच्या ओळीत लिहिलेले असेल: माल हाती आल्यापासून ४५ दिवस, एमएसएमईडी अधिनियम २००६, कलम १५ प्रमाणे, उशीर झाल्यास कलम १६ प्रमाणे व्याज. रबाळे आणि महाप्यातल्या आणखी काही गाळेवाल्यांनी हीच ओळ घालायचे कबूल केले आहे, त्यामुळे एकटी भांडखोर मॅडम कोण, हे शोधायला थोडा वेळ लागेल. ज्यांना ही अट मान्य नाही आणि ९० च दिवस हवे आहेत, त्यांनी तसे लेखी कळवावे, लेटरहेडवर, फायनान्स हेडच्या सहीने. फोनवर सांगितलेले आम्ही धरणार नाही.

कळावे,

आपली,
एक पॅनेलवाली,
रबाळे, नवी मुंबई